शंभर मीटरसाठी पाय घडवताना

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. सगळे मिळून गुण ५०. शंभर मीटरची वेळ थोडी इकडेतिकडे झाली की गुणांची पायरी बदलते आणि एखाद्याचं अख्खं वर्ष हातचं जातं. तरीही तालुक्याच्या मैदानांवर पहाटे जी तयारी चालते, ती बहुतेक ठिकाणी एकाच साच्याची असते. आधी लांब धावणं, मग शे-दोनशे बैठका, दोरीच्या उड्या, आणि शेवटी दमलेल्या पायांनी शंभरच्या चार-पाच फेऱ्या. दोन-तीन महिन्यांत १६०० सुधारतं. शंभर मीटर मात्र आहे तिथेच अडकून बसतं, आणि मग मुलांना सांगितलं जातं की वेग हा जन्मावरच असतो, तो कमावता येत नाही.

जन्माचा वाटा आहे, मोठा आहे. पण कमावण्यासारखं जे आहे त्याला आपण हातच घालत नाही, हे मला अधिक खटकतं. पायांची ताकद वाढवली तर वेग वाढतो का, कोणत्या व्यायामाने वाढतो, कुठे थांबतो, या प्रश्नांवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ काम झालं आहे. त्यातलं जे पक्कं आहे ते भरतीच्या, शाळेच्या आणि तालमीच्या मैदानापर्यंत पोचलेलं नाही.

सुरुवात पाय जमिनीला टेकतो त्या क्षणापासून करावी लागते. बारा सेकंदांत शंभर मीटर धावणारा मुलगा साधारण पन्नास पावलं टाकतो. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा त्याने ४१ पावलं टाकली होती. पूर्ण वेगात असताना अव्वल धावपटूचा पाय जमिनीवर टिकतो तो सेकंदाचा दहावा हिस्सा, किंबहुना त्याहूनही थोडा कमी. शरीर वर उचलायचं आणि पुढे लोटायचं सगळं काम तेवढ्यात उरकायचं असतं. हार्वर्डमध्ये पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ धावणाऱ्यांची मोजमापं घेतली. २००० साली ती प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या सर्वांत मंद माणसाचा कमाल वेग सेकंदाला ६.२ मीटर होता, सर्वांत वेगवानाचा ११.१ मीटर. हा फरक येतो कुठून? पाय हवेतून पुढे आणायला दोघांनाही जवळजवळ सारखाच वेळ लागत होता. वेगवान माणूस जमिनीवर अधिक जोर देत होता, आणि तो जोर कमी वेळात देत होता. आपल्याकडे कडेला उभं राहून ‘पाय भरभर उचल’ असं ओरडायची पद्धत आहे. या मोजमापांनंतर त्या सल्ल्यात फारसा अर्थ उरत नाही. जमिनीला जोरात आणि झटकन ढकलता आलं पाहिजे.

इथेच खरी अडचण आहे. स्नायूला आपली पूर्ण ताकद उभी करायला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो, कधी त्याहून जास्त. धावताना मिळतो त्याच्या एक तृतीयांशाहून कमी वेळ. शिवाय आर्किबाल्ड हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर दाखवून दिलं होतं की स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी पडतो. म्हणजे खांद्यावर दीडशे किलो घेऊन सावकाश उठणारा माणूस आपोआप वेगवान होईल असं नाही. आणि ताकदच नसेल तर दहाव्या हिस्स्यात वापरायला काहीच नाही, हेही तितकंच खरं. या विषयातले बहुतेक वाद या दोन वाक्यांपैकी एकच वाक्य धरून बसल्यामुळे झाले आहेत.

आधी ताकदीची बाजू घेऊ. नॉर्वेच्या एका अव्वल फुटबॉल संघातल्या १७ खेळाडूंचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जो खेळाडू खांद्यावर जास्त वजन घेऊन अर्ध्या बैठकीतून उठू शकत होता, तो पहिल्या दहा मीटरांत जवळपास हमखास पुढे होता आणि उंच उडीही तोच मारत होता. एवढ्यावरून ताकदीमुळेच वेग आला असं सिद्ध होत नाही, माणसंही थोडी होती. पण २०१४ साली अशा १५ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यांत मिळून ५१० जण होते आणि त्यांनी प्रत्यक्ष ताकदीचा सराव केला होता. ज्यांच्या पायांची ताकद जास्त वाढली त्यांचा वेगही जास्त वाढला, हे त्यातून बऱ्यापैकी स्पष्ट झालं. माझ्या मते मुद्दा इथे निकालात निघतो. ज्याने कधी जड वजन उचललेलंच नाही अशा मुलाला ताकदीच्या सरावाने वेगात फायदा होतो.

‘जड’ या शब्दावर मात्र अडून बसायला हवं. स्नायूतले वेगवान धागे सगळ्यांत शेवटी कामाला लागतात. एल्वुड हेनमन यांनी मज्जातंतूंच्या अभ्यासातून हा क्रम दाखवला: हलक्या कामाला लहान, चिवट धागे पुरतात, आणि ओझं वाढेल तसे मोठे, झटपट ताकद देणारे धागे जागे होतात. एका दमात पन्नास बैठका मारता येत असतील तर प्रत्येक बैठकीचं ओझं हलकं आहे. त्या मोठ्या धाग्यांना थोडंफार काम मिळतं ते शेवटी थकवा आल्यावर, आणि तोवर हालचाल मंदावलेली असते. कमाल ताकदीसाठी ओझं असं हवं की पाच-सहा वेळांपलीकडे जमू नये. त्यातले तीन ते पाच रेप करावेत, एखाद-दुसरा रेप हातचा राखून सेट संपवावा आणि पुढच्या सेटआधी तीन मिनिटं थांबावं.

हे आपल्या तालमींना अगदीच नवीन नाही. गामा पैलवानाच्या रोजच्या हजारो बैठकांच्या कथा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, आणि त्या आकड्यांनी पिढ्यान् पिढ्या पोरं भारली गेली. पण त्याच तालमींमध्ये जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारायची रीतही आहे. सत्तर किलोचा माणूस खांद्यावर घेतला की रेप आपोआप कमी होतात आणि ओझं खरं होतं. कुस्तीला दम लागतो, म्हणून हजारी बैठकांना तिथे जागा आहे. शंभर मीटर धावणाऱ्याने तालमीतून उचलायची गोष्ट ही दुसरी आहे. आपण नेमकी पहिली उचलली.

व्यायाम कोणते, यावर जिममध्ये तासन्‌तास वाद होतात; मला त्यात फार दम वाटत नाही. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट हा पाया. त्यांच्या जोडीला एका पायाचा व्यायाम हवा, कारण धावताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात. मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर बैठक मारायचा व्यायाम भरतीच्या मुलांसाठी सोन्यासारखा आहे. बहुतेक सगळं अंगाचं वजन एका मांडीवर येतं, त्यामुळे बारबेल नसली तरी वाळू भरलेलं वीस-तीस किलोचं पोतं छातीशी धरून पुरेसं ओझं होतं. पाठ बाकाला टेकवून, कमरेवर वजन घेऊन पुठ्ठे वर उचलायचा हिप थ्रस्ट गेल्या काही वर्षांत फार गाजला. पुठ्ठ्याचे स्नायू त्याने नक्की वाढतात, पण त्यातून वेग वाढतो का, याबाबत प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. स्क्वॉट सोडून तो धरावा इतका आधार त्याला नाही.

बैठक किती खोल, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे, कारण त्याच्याशी भीती जोडलेली आहे. खोल बैठकीने गुडघे सैल होतात हा समज जगभर पसरला तो टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांच्या १९६१च्या कामामुळे. पुढच्या संशोधकांना तसं काही आढळलं नाही. निरोगी गुडघ्याला, हळूहळू वाढवत नेलेल्या ओझ्याची खोल बैठक सोसते. आपल्याकडे तर उकिडवं बसायची सवय आहे, त्यामुळे ती जमायलाही सोपी. आधीच चांगल्या तयार झालेल्या खेळाडूंना वरच्या टप्प्यातली, जास्त वजनाची अपुरी बैठक वेगासाठी अधिक उपयोगी पडते असं काही प्रयोगांत दिसलं आहे, कारण धावताना गुडघा तेवढाच वाकतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. अपुऱ्या बैठकीत पेलवेल त्याच्या कितीतरी जास्त वजन लादता येतं आणि त्याची पाठ त्यासाठी तयार नसते.

आता दुसरी बाजू: कमावलेली ताकद दहाव्या हिस्स्यात कशी बसवायची? याचं सर्वांत चांगलं उत्तर सोव्हिएत संघातून आलं. युरी वेर्खोशान्स्की हे तिहेरी उडीचे प्रशिक्षक. तिहेरी उडीत एका पायावर पडताना जमिनीचा जो मार बसतो तो कुठल्याही बारबेलच्या वजनाहून मोठा असतो, हे त्यांनी हेरलं आणि १९६०च्या दशकात उंचावरून खाली पडून लगेच वर उसळायच्या उड्या सरावात आणल्या. पाय टेकताच स्नायू आणि टाचेची शीर ताणली जाते, आणि तो ताण विरायच्या आत उलट उडी घेतली की ताणात साठलेली शक्ती परत मिळते. अमेरिकेत या साऱ्या प्रकाराला फ्रेड विल्ट यांनी १९७०च्या दशकात प्लायोमेट्रिक्स हे नाव दिलं आणि ते जगभर रुळलं.

ही पद्धत जितकी उपयोगी तितकीच चुकीच्या हातात त्रासदायक आहे. वेर्खोशान्स्की पाऊण मीटर आणि त्याहून उंच ठोकळ्यांवरून उड्या मारायला लावत, पण वर्षानुवर्षं वजन उचललेल्या खेळाडूंना. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून आपल्याकडे मुलं स्टेडियमच्या पायऱ्यांवरून सिमेंटवर उड्या टाकतात आणि दोन आठवड्यांत नडगी धरून बसतात. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, पण शिरा आणि हाडं घट्ट व्हायला काही महिने जातात. म्हणून आधी जागच्या जागी घोटा ताठ ठेवून छोट्या उड्या, मग ठोकळ्यावर चढायच्या उड्या, मग एका पायाच्या लांब ढांगा, आणि पडून उसळायची उडी सगळ्यांत शेवटी, तीही फूटभर उंचीवरून, मातीवर किंवा गवतावर. एका दिवशी पाय जमिनीवर आपटायचे एकूण साठ-सत्तर वेळा, त्याहून जास्त नको. टेकण्याचा आवाज लांबायला लागला, टाच खाली बसायला लागली की त्या दिवसाचा सराव संपला.

दोरीच्या उड्या याच घरातल्या आहेत. पण हजारावर गेल्या की त्या दमाचा व्यायाम होतात. वेगासाठी वीस-तीस कडक उड्या आणि मग विश्रांती, असा त्यांचा उपयोग आहे.

शंभर मीटर ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच क्रिया नाही. पहिल्या दहा-वीस मीटरांत अंग पुढे झुकलेलं असतं, पाय जमिनीवर जवळजवळ दुप्पट वेळ राहतो आणि काम मांडी-पुठ्ठ्यांच्या शुद्ध ताकदीचं असतं. इथे जड स्क्वॉट सरळ फळाला येतो. पुढे अंग उभं होतं, पाय टेकण्याचा वेळ घटतो आणि भार घोट्याच्या ताठपणावर, पोटरीवर आणि खुब्यावर जातो. ऑस्ट्रेलियातल्या डॉर्न, शाखे आणि पँडी यांनी २०१२ साली दाखवलं की सेकंदाला सुमारे सात मीटरपर्यंतचा वेग माणूस मुख्यतः पोटरीच्या जोरावर ढांग लांबवून गाठतो. त्यापुढे खुब्याचे स्नायू पाय अधिक जोराने मागे-पुढे फेकून पावलांची गती वाढवतात. पोटरीचा व्यायाम आपल्याकडे दिसण्यासाठी म्हणून शेवटी उरकला जातो. धावणाऱ्याने तो गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, दोन्ही प्रकारे, वजन घेऊन करायला हवा.

सुरुवातीच्या टप्प्यासाठी एक साधन गावोगाव आहेच. कमरेला दोर बांधून टायर ओढत धावणारी मुलं कुठल्याही भरतीच्या मैदानावर दिसतात. परदेशी मैदानांवर याच कामाला लोखंडी स्लेड असते. पूर्वीचे प्रशिक्षक सांगत की ओझं इतकंच असावं की वेग दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटू नये, नाहीतर धावण्याची ढब बिघडते. फ्रान्सच्या जाँ-बेनवा मोराँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली अंगाच्या वजनाच्या ऐंशी टक्के ओझं लावून पाहिलं. सुरुवातीचा आडवा जोर त्याने वाढू शकतो असं दिसलं आणि ढब कायमची बिघडली वगैरे काही झालं नाही. म्हणजे ट्रकचा टायर वीस मीटर ओढणं हा चांगला व्यायाम आहे. तोच टायर चारशे मीटर ओढला तर तो पुन्हा दमाचाच व्यायाम झाला. टायर नसेल तर टेकडीचा चढ आहे.

कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्यांना तर या पहिल्या वीस मीटरांपलीकडे काही लागतच नाही. त्यांना लागतं ते झटकन थांबणं. खांबाला वळसा घालताना किंवा निदान रेषेवरून मागे फिरताना सगळा वेग एका पायावर अडवायचा असतो, आणि त्यासाठी वजन सावकाश खाली नेण्याचा सराव वर उचलण्याइतकाच कामाचा आहे.

एका व्यायामाबद्दल मात्र मला कोणतीही सवलत द्यावीशी वाटत नाही. शंभर मीटर धावताना मांडीची मागची शीर धरली की त्या मोसमापुरता खेळ संपतो, आणि भरतीच्या उमेदवारासाठी मोसम म्हणजे सगळंच. पाय टेकण्याच्या जरा आधी, गुडघा सरळ होत असताना, हॅमस्ट्रिंग ताणलेल्या अवस्थेत पायाला लगाम घालत असते. फाटते ती बहुधा तिथेच. नॉर्डिक नावाचा व्यायाम नेमकी हीच ताकद देतो. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि कंबर न मोडता अंग पुढे जितकं सावकाश सोडता येईल तितकं सोडायचं. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर झालेल्या प्रयोगात, ज्यांनी हा व्यायाम केला त्या गटात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या. ज्यांनी केला नाही त्यांच्यात ५२. हा निकाल २०११ साली आला. व्यायामाला खर्च शून्य, जागा एका सतरंजीची. सुरुवातीला अंग फार दुखतं, म्हणून पहिल्या आठवड्यात पाच-पाचचे दोनच सेट पुरेत. तरीही तो किती ठिकाणी नियमाने होतो? मला तरी विरळाच दिसतो.

भरतीच्या उमेदवाराला एक अडचण खरीच आहे: त्याला १६०० मीटरही धावायचं असतं. १९८० साली रॉबर्ट हिक्सन यांनी ताकद आणि दम या दोन्हींचा जोरकस सराव एकाच गटाकडून दहा आठवडे करून घेतला. सहा-सात आठवडे ताकद वाढत गेली, मग थांबली आणि शेवटी उतरायला लागली. फक्त ताकदीचा सराव करणाऱ्यांची मात्र वाढतच राहिली. नंतरच्या अभ्यासांनी हे चित्र बरंच सौम्य केलं. कमाल ताकदीचं फारसं नुकसान होत नाही, पण झटक्याची ताकद मार खाते, विशेषतः दोन्ही सराव एकाच वेळी लागोपाठ केले तर. यावरून वेळापत्रकाचा एक सरळ नियम निघतो. ज्या दिवशी वेग आणि वजन, त्या दिवशी लांब धावणं नको. नाइलाजच असेल तर सकाळ-संध्याकाळ अशी फारकत करावी. वेगाचा सराव नेहमी ताज्या पायांनी, सगळ्यांत आधी. तीस मीटर पूर्ण जोराने धावल्यावर तीन मिनिटं थांबायचं. ज्या मैदानावर मुलगा बसलेला दिसला की शिव्या बसतात, तिथे हे पटवून देणं अवघड जातं. पण स्नायूतला झटपट वापरायचा इंधनसाठा भरून यायला तेवढा वेळ लागतोच. त्या आधीची फेरी वेगाची राहत नाही.

आठवड्याचं गणित मग असं बसतं: दोन दिवस वेग, उड्या आणि मागाहून वजन, दोन दिवस १६०० ची तयारी, एक दिवस गोळाफेक आणि हलका सराव, दोन दिवस आराम. यात बैठकांचा आकडा कमी दिसेल, घामही कमी दिसेल.

ताकदीच्या बाबतीत ऐकीव गोष्टी फार जपून घ्याव्यात. बेन जॉन्सन किती किलोचा स्क्वॉट मारायचा याचे किस्से अजून सांगितले जातात. १९८८ साली सोलमध्ये त्याने ९.७९ सेकंद वेळ दिली आणि उत्तेजक सापडल्याने पदक गेलं. अशा शरीरांवरून काढलेले आकडे आपल्या मुलांना लागू होत नाहीत. भरतीच्या तोंडावर कुणी इंजेक्शन सुचवत असेल तर त्या माणसापासून दूर राहावं, एवढं स्पष्ट सांगतो.

मुलींना वजनापासून दूर ठेवण्याची रीत तर सरळ अन्यायाची आहे. ताकदीच्या सरावाने मुलीचा वेग त्याच कारणांनी वाढतो ज्या कारणांनी मुलाचा वाढतो, आणि वळताना, उडीवरून उतरताना गुडघ्याच्या आतल्या शिरेची दुखापत मुलींमध्ये अधिक होत असल्याने त्यांना हा सराव जास्तच गरजेचा आहे. वाढत्या वयात वजन उचललं तर उंची खुंटते, या समजुतीलाही नीट देखरेखीखालच्या सरावात काही पुरावा मिळालेला नाही.

अकॅडमी चालवणाऱ्यांना आणि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना एकच विनंती आहे. मैदानावर चुन्याने तीस मीटरची रेषा आखा आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मुलाची, मुलीची तेवढ्या अंतराची वेळ वहीत लिहा. आठ आठवड्यांत ती घटली नाही तर मुलाला दोष देऊ नका, व्यायाम बदला.